वेध घेणे म्हणजे नेमके काय करणे

थंडीच्या दिवसांत ययाति तारकासमूह डोक्यावर आला की मी अल्गोल या ताऱ्याचे वेध घेतो. पाहणाऱ्याला हे काम फारसे काही केल्यासारखे वाटत नाही. आधी वीस-पंचवीस मिनिटे दिव्यांपासून दूर बसायचे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मग अल्गोलकडे पाहायचे, तिथून नजर देवयानीतील गॅमा या ताऱ्याकडे न्यायची, तिथून ययातीतील एप्सिलॉनकडे, आणि पुन्हा अल्गोलकडे. गॅमाची प्रत २.१ आहे आणि एप्सिलॉनची २.९, प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. या दोघांच्या तेजातील फरकाचे मनातल्या मनात आठ भाग कल्पायचे आणि अल्गोल गॅमापासून किती भाग खाली आहे ते ठरवायचे. तीन भाग खाली वाटला, तर त्याची प्रत २.४. एवढा आकडा आणि घड्याळातील वेळ मिणमिणत्या लाल दिव्याच्या उजेडात वहीत लिहायची, लिहिलेल्या ओळीवर कोरा कागद सरकवायचा, आणि अर्ध्या तासाने सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे.

तो कोरा कागद माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण आहे. आधीचा आकडा डोळ्यांसमोर असला की पुढचा आकडा त्याच्याशी जुळवून घेण्याकडे मनाचा कल होतो, आणि तारा मंदावत जाणार हे ठाऊक असल्यामुळे तो मंदावल्याचे खरोखरच दिसू लागते. इतरही पथ्ये आहेत. तुलनेचे तारे क्षितिजापासून साधारण अल्गोलइतक्याच उंचीवर असावे लागतात, कारण जो तारा खाली असतो त्याचा प्रकाश हवेच्या अधिक जाड थरातून येतो आणि त्यात घटतो. गॅमा नारिंगी असल्यामुळे त्याच्यावर नजर रोखून चालत नाही; लालसर ताऱ्याकडे टक लावली तर तो क्षणोक्षणी अधिक तेजस्वी भासू लागतो. अल्गोलच्या अगदी शेजारी रो नावाचा एक तारा आहे, तुलनेला तो फार सोयीचा वाटतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, म्हणजे त्याचे तेज बदलते राहते. त्याच्या आधारावर केलेली नोंद टाकून द्यावी लागते.

एवढे सांभाळून रात्रभर नोंदी केल्या आणि त्या आलेखावर मांडल्या, की एक खोल दरी दिसते. अल्गोलची प्रत २.१ वरून सुमारे पाच तासांत ३.४ पर्यंत उतरते, म्हणजे तेज एक तृतीयांशाहूनही कमी होते, आणि पुढच्या पाच तासांत ते पूर्ववत होते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे असेच घडते. हा नियमितपणा १७८२-८३ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या तरुणाने नोंदवला. त्याला ऐकू येत नव्हते, आणि वेधांना सुरुवात केली तेव्हा तो १८ वर्षांचा होता. कारण म्हणून त्याने दोन शक्यता मांडल्या: एक तर ताऱ्याभोवती फिरणारी एखादी काळोखी वस्तू अधूनमधून त्याला झाकत असावी, नाही तर ताऱ्यावरच डाग असावेत आणि तो फिरताना ते आपल्या बाजूला येत असावेत. यांतले खरे कोणते, हे त्याच्या वेधांवरून सांगणे शक्य नव्हते, आणि तसा आग्रह त्याने धरलाही नाही.

खगोलशास्त्रज्ञांना ही सगळी माहिती मिळते कुठून, असे मला बरेचदा विचारले जाते, आणि प्रत्येक वेळी मला हा तारा आठवतो. नव्वद प्रकाशवर्षांवरचा तारा कोणी तराजूत घालू शकत नाही, त्याला तापवून किंवा थंड करून पाहू शकत नाही, त्याच्या मागच्या बाजूला जाऊन डोकावू शकत नाही. रसायनशास्त्रज्ञ प्रयोग फिरवून करतो. खगोलशास्त्रज्ञापुढे प्रयोग निसर्गाने आधीच मांडून ठेवलेला असतो आणि त्याच्या हाती फक्त पाहणे उरते. आपल्या भाषेत या पाहण्याला वेध असा शब्द आहे, तो मला फार नेमका वाटतो, कारण नेम धरून टोचणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. नुसते आकाशाकडे पाहणे म्हणजे वेध घेणे नव्हे. कोणती राशी मोजायची आहे हे ठरवून पाहणे म्हणजे वेध.

मोजण्यासारख्या राशीही फार नाहीत. प्रकाश कोणत्या दिशेने आला, किती आला, कोणत्या तरंगलांबीचा आला, कोणत्या क्षणी आला, आणि त्याच्या लहरी एखाद्या ठरावीक पातळीत कंप पावत आहेत का, एवढेच प्रकाशाला विचारता येते. ताऱ्यांची वस्तुमाने, तापमाने, वये, अंतरे, त्यांची घटकद्रव्ये हे सारे या पाच उत्तरांतून काढलेले निष्कर्ष आहेत. एकाच उत्तरावर विसंबले तर गुडरिकप्रमाणे दोन शक्यतांपाशी थांबावे लागते. वेगवेगळ्या प्रकारचे वेध एकाच ठिकाणी येऊन मिळतात तेव्हाच एखादी गोष्ट कळली असे म्हणता येते. अल्गोलची हकिगत हे त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे.

दिशेपासून सुरुवात करतो, कारण इतिहासाची सुरुवातही तिथूनच झाली. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने नुसत्या डोळ्यांनी, मोठ्या कोनमापकांच्या साहाय्याने, ग्रहताऱ्यांची स्थाने जवळजवळ एका कलेपर्यंत अचूक मोजली. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी केप्लर मंगळाची कक्षा वर्तुळांच्या रचनेत बसवू पाहत होता, तेव्हा गणित आणि वेध यांच्यात ८ कलांचा फरक राहिला. टायकोचे वेध इतके चुकणार नाहीत, हा विश्वास असल्यामुळे केप्लरने वेध झटकून टाकण्याऐवजी वर्तुळच सोडले, आणि १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध केले. मोजमाप किती चुकू शकते याचा आकडा मोजमापाइतकाच मोलाचा असतो, तो असा. टायकोचे वेध १० कलांनी चुकू शकणारे असते, तर त्या ८ कलांना काहीच अर्थ उरला नसता.

दिशा पुरेशा सूक्ष्मतेने मोजली की तिच्यातून अंतर निघते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. चालत्या गाडीतून जवळचे झाड भराभर मागे पडते आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही, तीच ही गोष्ट. तत्त्व ग्रीकांपासून माहीत होते, पण हे सरकणे इतके कमी असते की ते प्रथम खात्रीने मोजायला १८३८ साल उजाडले. फ्रीडरिश बेसेल याने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय सुमारे एक तृतीयांश विकला एवढा काढला. विकला म्हणजे कलेचाही साठावा भाग. अल्गोलचा पराशय त्याहून पुष्कळ कमी, ०.०३६ विकला आहे. अडीच सेंटिमीटर रुंदीची वस्तू सुमारे १४० किलोमीटरवरून जेवढी दिसेल तेवढा हा कोन. हवेच्या हालचालीमुळे जमिनीवरून ताऱ्याची प्रतिमा साधारण एका विकलेएवढी पसरते, म्हणून असे कोन मोजायला वातावरणाबाहेर जाणेच श्रेयस्कर ठरले. हिप्पार्कस या उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात १ लाखाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले, आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या गाया या यानाने पुढच्या दहा-अकरा वर्षांत जवळजवळ २०० कोटी ताऱ्यांची स्थाने पुन्हा पुन्हा टिपली.

आता तेजाकडे वळू. डोळ्याने केलेला अंदाज सराव असला तरी दशांश प्रतीच्या आसपासच अचूक राहतो, आणि अल्गोलची एक गोष्ट त्याला कधीच दिसत नाही. झाकणारी वस्तू जर थोडीशी का होईना स्वयंप्रकाशी असेल, तर ती मुख्य ताऱ्याच्या मागे गेल्यावरही एकंदर प्रकाश किंचित घटला पाहिजे. ही दुसरी, उथळ दरी १९१० मध्ये जोएल स्टेबिन्स याने सेलेनियमच्या विद्युत प्रकाशमापकाने शोधली. ती प्रतीच्या दहाव्या भागाहूनही कमी खोल आहे. अल्गोलचा सोबती काळोखा नाही, मंद आहे, हे तेव्हा कळले.

आज हे मोजमाप बहुतेक ठिकाणी सीसीडी नावाच्या सिलिकॉनच्या चकतीवर होते. तिची कल्पना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. छायाचित्राच्या काचेवर पडणाऱ्या प्रकाशातला शंभरातील एखाद-दुसराच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आपला ठसा उमटवत असे. चांगली सीसीडी शंभरातले नव्वद पकडते. शिवाय काचेवरचा काळेपणा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे, सीसीडीवरचा विद्युतभार मात्र वाढतो, त्यामुळे प्रकाश अक्षरशः मोजता येतो.

असे असले तरी कॅमेऱ्यातून निघालेले चित्र म्हणजे ताऱ्याचे तेज नव्हे, आणि हे मला स्वतः कॅमेरा वापरायला लागेपर्यंत उमगले नव्हते. तिपाईवर कॅमेरा लावून मी अल्गोलची चित्रे घेतो ती मुद्दाम थोडी अस्पष्ट ठेवतो, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एकाच बिंदूवर साठून तो बिंदू काठोकाठ भरण्याऐवजी शे-दोनशे बिंदूंवर पसरतो. त्यानंतर झाकण लावून तितक्याच वेळेची काळी चित्रे घ्यावी लागतात, कारण प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे चकतीवर विद्युतभार साठतो आणि तो वजा करायचा असतो. झाकण तसेच ठेवून अत्यल्प वेळेची चित्रे घ्यावी लागतात, कारण वाचन करणारे मंडल प्रत्येक बिंदूत स्वतःचा एक ठरावीक आकडा मिसळते. शेवटी संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाची चित्रे घ्यावी लागतात, कारण प्रत्येक बिंदूची संवेदनक्षमता निराळी असते, भिंगाच्या कडेला प्रकाश कमी पोहोचतो, आणि धुळीचा एक कण चित्रात फिकट कड्यासारखा उमटतो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या आलेखावर अल्गोलचे तेज एका रात्री अचानक चार टक्क्यांनी वाढलेले दिसत होते आणि त्याचे कारण मी ताऱ्यात शोधत होतो. रात्रीत आकाश फिरले तसा अल्गोल एका धूलिकणाच्या सावलीतून बाहेर आला होता, एवढेच घडले होते. मोठ्या वेधशाळांतही दुर्बीण ताऱ्यांकडे वळवण्याआधी हीच तयारी चालते. कितीतरी रात्रींचा सुरुवातीचा काळ घुमटाच्या आतल्या पांढऱ्या पडद्याचे चित्र घेण्यात जातो.

एवढे करूनही एक अनिश्चितता उरते, ती कोणत्याही उपकरणाने जात नाही. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात, मोजून-मापून ओळीने येत नाहीत. दहा हजार फोटॉन मोजले तर त्या मोजणीत त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे शंभरची, म्हणजेच एक टक्क्याची अनिश्चितता अटळ असते. दुसऱ्या सूर्यासमोरून जाणारी पृथ्वीएवढी वस्तू त्याचे तेज सुमारे बारा हजारांतल्या एका भागाने कमी करते. ही घट नुसती अनिश्चिततेच्या बरोबरीची ठरायला चौदा कोटींच्या आसपास फोटॉन लागतात, आणि ती खात्रीची ठरायला त्याहून कितीतरी अधिक. मोठे आरसे बांधण्यामागचे पहिले कारण ताऱ्यांची चित्रे मोठी दिसावीत हे नाही, फोटॉन अधिक मिळावेत हे आहे. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर यानाने एकाच दिशेला चार वर्षे टक लावून दीड लाखांहून अधिक ताऱ्यांचे तेज मोजत राहून हजारो ग्रह शोधले. गुडरिकने अल्गोलवर वापरलेली युक्तीच तिथे दहा हजारपट सूक्ष्म झाली होती.

तेज आणि वेळ यांच्या संगतीतून अंतरही मिळाले, आणि तेही पराशय जिथे संपतो त्याच्या पलीकडचे. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅजेलानी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील, सेफीड या रूपविकारी जातीच्या २५ ताऱ्यांचे निरीक्षण १९१२ मध्ये मांडले: ज्याचे तेज सावकाश कमीजास्त होते तो तारा अधिक तेजस्वी असतो. ते सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे हा संबंध खरा असणार होता. म्हणजे आवर्तनाचा काळ मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळते, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचेवर देवयानी तेजोमेघातला असा एक तारा सापडला. त्या ताऱ्याला त्यांनी आधी नवतारा, म्हणजे एकाएकी उजळणारा तारा, समजून N अशी खूण केली होती; ती खोडून त्यांनी तिथे शाईने तो रूपविकारी असल्याचे लिहिले. त्या एका खोडलेल्या अक्षरामुळे देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज तिचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

माझ्या मते मात्र प्रकाशाला विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी सर्वांत उदार उत्तर तरंगलांबी देते. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये असे लिहिले होते, की ताऱ्यांचे अंतर, आकार, गती हे सारे कदाचित कळेल, पण ते कशाचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही. त्याचा तर्क चुकीचा नव्हता, त्याच्याकडची माहिती अपुरी होती. योसेफ फ्राउनहोफर याने १८१४ मध्येच सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा मोजल्या होत्या, आणि १८५९-६० मध्ये किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी त्या रेषांचा अर्थ लावला: प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांब्या शोषून घेते, त्यामुळे रेषांचा संच म्हणजे त्या मूलद्रव्याची सहीच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या सुमारास सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, ती तेव्हा माहीत असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळली नाही. त्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव सूर्यावरून मिळाले, आणि पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल यावे लागले.

इथेही उत्तर वाचण्याची घाई नडू शकते. रेषा ठळक म्हणजे ते मूलद्रव्य भरपूर, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नाही. तापमान आणि दाब यांनुसार किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले, तेव्हा कळले की रेषांची ठळकता मुख्यतः तापमानावर ठरते. त्या समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन इतर सर्वांपेक्षा प्रचंड अधिक असल्याचे दाखवले. तो निष्कर्ष त्या वेळच्या ज्येष्ठांना पटला नाही आणि प्रबंधात त्यांना तो बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. काही वर्षांतच तो खरा ठरला. त्यांनी काढलेला आकडा बरोबर होता आणि तो स्वतःच खोडण्याची वेळ त्यांच्यावर आली, याचे मला आजही वाईट वाटते.

वर्णपट आणखी एक गोष्ट सांगतो. तारा आपल्याकडे येत असेल तर सगळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. हेर्मान फोगेल याने १८८९ मध्ये पॉट्सडॅम येथे अल्गोलच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली, तेव्हा असे आढळले की तेज उतरण्यापूर्वी तारा आपल्यापासून दूर जात असतो आणि तेज पूर्ववत झाल्यानंतर जवळ येत असतो. वेग सेकंदाला सुमारे ४० किलोमीटर. डाग असलेला एकटा तारा असा पुढे-मागे होणार नाही. सोबत्याभोवती फिरणारा तारा नेमका असाच होईल. शंभराहून अधिक वर्षे उघडा राहिलेला गुडरिकचा प्रश्न त्या दिवशी मिटला. तेजाचा वेध आणि वेगाचा वेध यांची एकाच वेळापत्रकावर गाठ पडली होती. याच पद्धतीने १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी या ताऱ्याची सेकंदाला पन्नास-साठ मीटरची हेलकावणी दिसली, आणि सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला बाह्यग्रह सापडला.

वेग आणि आवर्तनकाळ कळला की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वस्तुमान काढता येते. अल्गोलचा तेजस्वी तारा सूर्याच्या सुमारे तिप्पट, तर सोबती सूर्याच्या सुमारे पाऊणपट वस्तुमानाचा आहे. आणि इथे एक अडचण उभी राहिली. वर्णपट आणि तेज यांवरून सोबती हा म्हातारपणी फुगलेला तारा आहे, तर तेजस्वी तारा अजून भरात आहे. जड तारे आपले इंधन लवकर संपवतात, हे तर पक्के. मग जोडीने जन्मलेल्या दोघांतला हलका तारा आधी म्हातारा कसा झाला? उत्तर असे निघाले, की आज हलका असलेला तारा पूर्वी जड होता, फुगल्यावर त्याचे द्रव्य शेजाऱ्याकडे वाहत गेले आणि भूमिका बदलल्या. कोणी हे वाहणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेले नाही. वेगवेगळ्या वेधांतील विसंगती प्रामाणिकपणे मांडून ठेवल्यामुळेच ते सुचले.

प्रकाश म्हणजे केवळ डोळ्यांना दिसतो तोच, असे धरून चालले असते तर निम्म्याहून अधिक विश्व अज्ञात राहिले असते. १९३२ मध्ये कार्ल यान्स्की हा अभियंता दूरध्वनीच्या लहरींत येणारी खरखर शोधत होता, तेव्हा एक मंद खरखर रोज येत असे, पण २४ तासांनी येत नसे, २३ तास ५६ मिनिटांनी येत असे. चार मिनिटांच्या या फरकाने सगळे सांगितले, कारण ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. ती खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येत होती. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे एकाच थाळीने सूक्ष्म दिशा कळत नाही, म्हणून दूरदूरच्या थाळ्यांचे संदेश एकत्र जुळवतात. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत त्या यासाठीच. तीच युक्ती दृश्य आणि अवरक्त प्रकाशासाठी माउंट विल्सनवरील चारा हा सहा दुर्बिणींचा समूह वापरतो, ज्यातील सर्वांत दूरच्या दोन दुर्बिणींमध्ये ३३० मीटर अंतर आहे. त्याने अल्गोलचे दोन्ही तारे वेगळे करून दाखवले. त्यांच्यातला कोन विकलेच्या हजारांश भागाच्या दुपटीएवढा आहे. सोबत फिरणारा तिसरा ताराही दिसला. त्याला या जोडीभोवती फिरायला सुमारे ६८० दिवस लागतात, आणि त्याच्या ओढीने जोडी कधी आपल्या जवळ, कधी दूर जात असल्यामुळे ग्रहणांच्या वेळा काही मिनिटांनी मागे-पुढे होतात. म्हणजे नुसत्या घड्याळातही त्याची चाहूल लागलेली होती.

क्ष-किरण हवेत शोषले जात असल्यामुळे त्यांच्यासाठी १९६२ पासून आधी अग्निबाण आणि मग उपग्रह वापरले गेले; अल्गोलचा मंद सोबती क्ष-किरणांत भडकतो हे त्यातूनच कळले. प्रकाशाव्यतिरिक्त दोन वाटाही आता खुल्या आहेत. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलानी मेघातील अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्याचे, दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो हे सहसा कशालाच न अडणारे सूक्ष्म कण जमिनीखालच्या टाक्यांत नोंदले गेले, आणि तेही तारा उजळलेला दिसण्याच्या काही तास आधी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पोहोचल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. पुढच्या काही तासांत दुर्बिणींनी त्या जागेचा प्रकाशही शोधून काढला.

एवढ्या साधनांनंतरही एका गोष्टीबद्दल सतत सावध राहावे लागते, ती म्हणजे आपल्याला दिसते ते आणि असते ते यांतील तफावत. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांची यादी केली तर जवळजवळ सगळे सूर्याहून तेजस्वी निघतात. त्यावरून सूर्य हा एक सामान्याहूनही मंद तारा ठरेल. प्रत्यक्षात आपल्या परिसरातले बहुसंख्य तारे लाल खुजे, म्हणजे लहान आणि मंद तारे, आहेत, आणि त्यांतला एकही दुर्बिणीवाचून दिसत नाही. सूर्यानंतर सर्वांत जवळचा प्रॉक्सिमासुद्धा अकराव्या प्रतीचा आहे. अल्गोलही आपल्याला ग्रहण लागलेला दिसतो तो केवळ त्याची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत जवळजवळ आडवी असल्यामुळे. तशाच कितीतरी जोड्या जरा कललेल्या असल्यामुळे कधीच मंदावत नाहीत, आणि गणना करताना त्यांनाही हिशेबात धरावे लागते.

माझ्या वहीत दोन हिवाळ्यांपूर्वीची एक रात्र आहे. त्या रात्रीच्या नोंदींवरून काढलेली अल्गोलच्या किमान तेजाची वेळ वर्तवलेल्या वेळेपेक्षा बावीस मिनिटांनी उशिरा येते. तिसरा तारा एवढा फरक पाडत नाही. रात्री एकच्या सुमारास पातळ ढग आले होते, तशी नोंद शेजारी आहे, आणि ३.१ व ३.२ असे दोन आकडे मला स्वतःलाच संशयास्पद वाटतात. ते खोडलेले नाहीत. ढगांची नोंद आणि आकडे दोन्ही, निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करणाऱ्यांकडे तसेच पाठवले, कारण शेकडो निरीक्षकांच्या नोंदींत माझ्या चुकीला तिचे योग्य वजन मिळते, आणि मी मनाने दुरुस्त केलेला आकडा मात्र कोणालाच ओळखता येणार नाही. या आठवड्यात अल्गोलचे किमान तेज शुक्रवारी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास आहे, म्हणजे पुढचे सोमवारी रात्री पावणेदहाच्या आसपास येईल. उतरण अंधार पडण्याआधीच सुरू होईल, त्यामुळे पहिली नोंद साडेसातला, आणि मग दर अर्ध्या तासाने.